जुन्या मोटारींचे गिअरबॉक्स आणि त्यांचं ऑइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिंटेज गाड्यांबद्दल लिहायला लागल्यापासून गिअरबॉक्सचे तेच तेच प्रश्न येत राहतात, आणि निम्मे तरी शेवटी "मग आता ऑइल कुठलं टाकू" इथेच येऊन थांबतात. म्हणून सगळं एका जागी टाकतोय. काळ साधारण १८८६ ते १९३०. आधी इतिहास आहे, मग ऑइल. ज्यांची गाडी आत्ता गॅरेजमध्ये उघडी पडलीय त्यांनी सरळ प्रश्न ९ पासून वाचा, पण ७ वा चुकवू नका.

१. मुळात गिअरबॉक्स लागतो कशाला? पहिल्या गाडीला होता का?

नव्हता. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीला एकच स्पीड होता, इंजिनपासून पट्टा आणि तिथून मागच्या चाकांना साखळ्या, बस्स. इंजिनची ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. वाफेचं इंजिन जागेवर उभं असताना पण पूर्ण जोर लावू शकतं, पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही, ते ठराविक फेऱ्यांच्या खाली गेलं की मरतं, त्यामुळे चढ आला की इंजिन जोरात फिरवायचं आणि चाकं हळू फिरवायची अशी काहीतरी सोय लागतेच. हे ऑगस्ट १८८८ मध्ये रस्त्यावर दिसलं. कार्लची बायको बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्त्झहाइमला गेली तेव्हा चढावर गाडी ढकलावी लागली, आणि त्यानंतर बेंझने गाडीला चढासाठी वेगळा गिअर दिला. माझ्या मते गिअरबॉक्सची पहिली खरी टेस्ट ड्राइव्ह तीच.

२. आपण ज्याला गिअरबॉक्स म्हणतो तसा पहिला कोणी बनवला?

पॅरिसच्या पानहार-लव्हासोर कंपनीचा एमिल लव्हासोर, साल १८९१ च्या आसपास. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअर, ताकद मागच्या चाकांना, ही मांडणी त्याने बसवली आणि पुढची कित्येक दशकं बहुतेक मोटारी तशाच बनल्या. गिअर कसे, तर दोन समांतर शाफ्ट (फिरणारे दांडे), एकावर दातेरी चाकं फिक्स, दुसऱ्यावर चौकोनी शाफ्टवरून सरकणारी. लिव्हर हलवला की अख्खं चाक सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातात घुसायचं. दोन्ही चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरतायत आणि तुम्ही दात दातात कोंबताय, आवाज कसा येत असेल विचार करा. "रानटी आहे, पण चालतं" असं लव्हासोर स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. चालत मात्र होतं, १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्याने जवळपास १,१८० किलोमीटर ४८ तास ४८ मिनिटांत मारले, जवळजवळ सगळा वेळ स्वतः चालवून.

३. ते गिअर म्हणे उघडेच असायचे. मग ऑइल टिकायचं कसं?

टिकायचंच नाही. सुरुवातीच्या पानहारला गिअरभोवती डबाच नव्हता, ब्रशने किंवा हाताने ग्रीस नाहीतर चरबी फासायची आणि निघायचं. आता तेव्हाचे रस्ते म्हणजे धूळ, खडी आणि घोड्यांची लीद. धूळ ग्रीसमध्ये बसली की ते वंगण राहत नाही, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते, दर किलोमीटरला दात थोडे थोडे खाते. १८९५ च्या सुमारास गिअर बंद पेटीत गेले आणि पेटीच्या तळाशी ऑइल आलं. खालचं चाक ऑइलमध्ये बुडून फिरतं आणि वरच्यांना आपोआप भिजवतं, पंप नाही, नळ्या नाहीत. साधी गोष्ट वाटते, पण मला विचाराल तर या तीस-चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, कारण पेटी आली म्हणून धूळ थांबली, शाफ्टना नीट आधार मिळाला, बेअरिंगं सरळ रेषेत राहिली आणि "कुठलं ऑइल" हा प्रश्नच पहिल्यांदा उभा राहिला. ती पेटी गळायची ते वेगळं, प्रश्न ११ बघा.

४. इतकं दात घासून पण गिअर तुटायचे नाहीत का?

तुटायचे की! सुरुवातीला साधं पोलाद, दात कापायची पद्धत सावकाश आणि अंदाजाची. बदल तीन बाजूंनी आला. एक, दात कापायचं मशीन. अमेरिकेत फेलोजचं गिअर शेपर १८९६-९७ चं, आणि जर्मनीत हेरमान फाउटरचं हॉबिंग मशीन १८९७ चं. यामुळे प्रत्येक दाताचा आकार सारखा आणि गणिताप्रमाणे बरोबर यायला लागला, म्हणजे दात एकमेकांवर घसटत कमी आणि लोळत जास्त जायला लागले. दोन, पोलाद. निकेल आणि क्रोम मिसळलेलं पोलाद, वरचा थर कार्बन देऊन कडक आणि आतला गाभा चिवट. नुसतं कडक केलं तर दात काचेसारखा उडतो आणि नुसतं मऊ ठेवलं तर झिजतो, दोन्ही एकाच दातात पाहिजे. तीन, दातांची टोकं. सरकत्या गिअरच्या दातांना ज्या बाजूने घुसायचं त्या बाजूला गोलाई देतात. जुना बॉक्स उघडलात तर आधी तिथेच बोट फिरवून बघा, टोकं चपटी होऊन किनार वळली असेल, बारीक टवके उडाले असतील तर आधीच्या ड्रायव्हरला डबल क्लच (प्रश्न ७ बघा) येत नव्हता हे न विचारता कळतं. असे टवके ऑइलमधून सगळ्या बेअरिंगांत फिरतात, म्हणून उडालेला दात हा एका दाताचा प्रश्न नसतो.

बेअरिंगचं थोडक्यात: आधी ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) आणि वर ग्रीस कप, १९०० नंतर हळूहळू बॉल बेअरिंग. बुश झिजला की शाफ्ट लांब जातात आणि चांगले दात पण चुकीच्या जागी भिडायला लागतात.

५. लुई रेनॉचं "डायरेक्ट ड्राइव्ह" म्हणजे नेमकं काय?

त्याच्या आधी कुठल्याही गिअरमध्ये ताकद दातांमधूनच जायची, टॉपमध्ये सुद्धा, म्हणजे सपाट रस्त्यावर आरामात चाललाय तरी गिअर ओरडतायत आणि ताकद खातायत. रेनॉने १८९८ मध्ये इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकाच रेषेत ठेवले, टॉप गिअर टाकला की दोन्ही सरळ एकमेकांना अडकतात, मधल्या कुठल्या चाकावर भार नाही. पुढे साखळीच्या जागी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा. छोट्याशा दे दियों-बूतों इंजिनाची ती गाडी २४ डिसेंबर १८९८ ला त्याने पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या रू लपिक या चढावर चढवून दाखवली आणि त्याच रात्री ऑर्डरी घेतल्या. पेटंट १८९९ चं. बाकीच्यांनी ते सर्रास उचललं आणि रेनॉने पुढे त्यांच्याकडून रॉयल्टी पण वसूल केली.

"माझी गाडी सेकंडला ओरडते आणि टॉपला एकदम शांत, काही बिघडलंय का?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. काही बिघडलेलं नाही, सरळ दातांचे गिअर भाराखाली ओरडतातच, टॉपला त्यांच्यावर भार नाही एवढंच. टॉपला पण आवाज येत असेल तर मात्र बेअरिंग बघा, नाहीतर मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी.

६. तो एच आकाराचा गिअर पॅटर्न कुठून आला?

१९०१ च्या मर्सिडीज ३५ हॉर्सपॉवरमुळे तो रुळला, डिझाइन विल्हेल्म माइबाखचं. त्याआधी लिव्हर एकाच सरळ रेषेत पुढे-मागे जायचा, म्हणजे चौथ्यावरून न्यूट्रलला यायचं तर तिसरा, दुसरा, पहिला सगळ्यांना भेटून यायचं. गेट, म्हणजे लिव्हर फिरतो ती एच आकाराची खाच, आल्यावर हवा तो गिअर थेट घेता आला आणि मधल्या गिअरचे दात विनाकारण घासणं थांबलं.

७. डबल क्लच का मारायचा? नुसता क्लच दाबून गिअर टाकला तर काय होतं?

खर्रर्र होतं. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण गिअरबॉक्सचा खालचा शाफ्ट आधीच्या वेगाने फिरतच राहतो, आणि नवीन गिअर टाकायला त्याचा वेग जुळायला लागतो. जुळवणारं यंत्र त्या काळी एकच, तुमचा पाय. वरचा गिअर टाकताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, क्षणभर थांबा म्हणजे शाफ्ट हळू होईल, परत क्लच, गिअर टाका. खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच रेस द्या म्हणजे शाफ्ट वेगात येईल, मग क्लच आणि गिअर. जुन्या ट्रकवर बोरघाट चढलेल्या ड्रायव्हरांना हे सांगावं लागत नाही.

आता यात ऑइल कुठे आलं? तो "क्षणभर थांबा" किती मोठा हे बरंचसं ऑइल ठरवतं. जाड ऑइल शाफ्टला ब्रेक लावतं, गिअर लवकर पडतो. पातळ ऑइलमध्ये शाफ्ट फिरतच बसतो, तुम्ही थांबून थांबून कंटाळता आणि घाईने टाकला की खर्रर्र. जुन्या गाड्यांचा चामडं लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच जड असायचा, तोही लवकर थांबायचा नाही, म्हणून काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबला की त्याला थांबवणारा छोटा ब्रेक दिलेला असायचा. थोडक्यात, या बॉक्समध्ये ऑइल हा एक पार्टच धरा, त्याची जाडी डिझाइनरने गृहीत धरलेली आहे. "मेकॅनिक बदलल्यापासून गिअर पडत नाही" या तक्रारीत मी आधी हेच विचारतो, ऑइल पण बदललं का?

८. फोर्ड मॉडेल टीला गिअर लिव्हरच नाही, मग गिअर कसे बदलतात?

पायाने. १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटींवर बनलेल्या या गाडीत प्लॅनेटरी गिअर आहेत, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात, त्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, त्यामुळे दात घासायचा प्रश्नच नाही. तीन ड्रम, प्रत्येकाभोवती सुती अस्तर लावलेला पट्टा. डावा पेडल पूर्ण दाबला की लो, सोडला की हाय, अर्ध्यावर न्यूट्रल, मधला रिव्हर्स, उजवा ब्रेक. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर आधीपासून प्लॅनेटरी वापरत होता, पण गावोगावी पोचवलं ते फोर्डने.

ऑइल इंजिनचं आणि गिअरचं एकच. वेगळा पंप नाही, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं मोठं जड चाक, ऑइल उडवतं, थोडं एका नळीत पडतं, नळी ते पुढच्या टोकाला नेते आणि तिथून ते वाहत मागे येतं. डिपस्टिक पण नाही, फ्लायव्हीलच्या कव्हरला खाली दोन छोटे नळ आहेत. वरच्यातून ऑइल आलं तर भरपूर आहे, खालच्यातून सुद्धा नाही आलं तर गाडी चालू करू नका. मजेची गोष्ट म्हणजे पट्ट्यांच्या अस्तराचे धागे सुटून तीच नळी बंद करतात आणि इंजिनचं पुढचं बेअरिंग जातं, म्हणजे गिअरची झीज इंजिनाला भोवते. पट्टे ॲडजस्ट करायला झाकण उघडाल तेव्हा आत फडकं कोंबून ठेवा, तिथे पडलेला नट सहजी बाहेर येत नाही.

थंडीत हँडल मारलं की गाडी अंगावर येते ती याचमुळे, थंड ऑइल क्लचच्या प्लेटा चिकटवून ठेवतं. लोक मागचं एक चाक जॅकवर घेऊन चालू करायचे. हँडब्रेक ओढल्याशिवाय पुढे उभे राहू नका, हे थट्टेने सांगत नाहीये.

९. त्या काळी गिअरबॉक्समध्ये घालायचे काय?

जे मिळेल ते. जनावरांची चरबी, एरंडेल, आणि वाफेच्या इंजिनाच्या सिलेंडरसाठी बनलेलं काळपट जाड खनिज ऑइल. हे शेवटचं सगळ्यात जास्त टिकलं. व्हॅक्यूम ऑइल कंपनीचं ६००-डब्ल्यू हे असंच सिलेंडर ऑइल, आणि ते नाव इतकं रुजलं की फोर्ड मॉडेल एचे मालक आजही गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी) "६००-डब्ल्यू" मागतात. यातला डब्ल्यू म्हणजे आजच्या २०डब्ल्यू-४० मधला विंटरवाला डब्ल्यू नव्हे आणि ६०० पण एसएई नंबर, म्हणजे ऑइलच्या जाडीचा ठरलेला नंबर, नव्हे. जाडी आजच्या गिअर ऑइलच्या २५० नंबरच्या आसपास पडते.

एरंडेलाबद्दल आपल्याकडून नेहमी विचारणा होते, कारण ते इथलंच आहे. धातूला धरून राहण्यात एरंडेल खरंच उत्तम, रेसिंग इंजिनात ते वर्षानुवर्षं वापरलं, वेकफिल्डच्या १९०९ च्या कॅस्ट्रॉलचं नावच कॅस्टर म्हणजे एरंडेल यावरून आलं. पण उभ्या गाडीत ते घट्ट होऊन वार्निशसारखं चिकटतं आणि खनिज ऑइलमध्ये नीट मिसळत नाही. वर्षातून चार रॅलीला निघणाऱ्या गाडीत घालू नका, आणि आधी कोणी घातलं असेल तर वरून साधं ऑइल ओतू नका, पूर्ण काढून धुऊनच पुढे जा.

१०. आमचे मिस्त्री म्हणतात बॉक्समध्ये ग्रीस ठासून भरा, गळती पण बंद आणि आवाज पण. भरू का?

नको. घट्ट पिठल्यातून बोट फिरवलं की जशी वाट पडते आणि तशीच राहते, तसं गिअर ग्रीसमध्ये आपापली खाच पाडतात आणि त्या खाचेत कोरडे फिरतात. पेटी भरलेली दिसते आणि दात उपाशी. बेअरिंगपर्यंत तर काहीच पोचत नाही, उष्णता पण बाहेर निघत नाही. आवाज कमी होतो हे खरं, म्हणून तर गाडी विकायच्या आधी हे करतात, घेताना झाकण उघडून बघा. काही जुन्या कंपन्यांनी अर्धपातळ ग्रीस, म्हणजे मधासारखं वाहणारं, सांगितलेलं आहे आणि तिथे ते चालतं. कसोटी सोपी आहे, काडीने रेघ ओढा, ती स्वतःहून भरून आली पाहिजे.

११. गळती काही केल्या थांबत नाही. काय करू?

खाली ट्रे ठेवा. खरंच सांगतोय, आधी अपेक्षा कमी करा. आज जसं रबरी ऑइल सील असतं तसं तेव्हा नव्हतंच, शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे फेल्टची (नमद्याची) रिंग, ऑइल बाहेर फेकून पेटीतच परत पाडणारी चकती, किंवा शाफ्टवर उलट्या दिशेची चुडी (आटे), जी फिरताना ऑइल आत ओढते. यातलं बरंचसं गाडी फिरत असतानाच काम करतं, उभी केली की थेंब थेंब येणारच. चामड्याची लिप सील १९३० च्या आसपास आली, सिंथेटिक रबराची त्याच्याही नंतर.

पण गळती एकदम वाढली असेल तर आधी लेव्हल बघा, निम्म्या केस जास्त भरल्याच्याच निघतात. लेव्हल प्लग (ऑइलची पातळी बघायचं बुच) असेल तर तिथपर्यंतच. नसेल तर खालच्या शाफ्टचे गिअर ऑइलमध्ये फिरले पाहिजेत, पण शाफ्ट बाहेर पडतो त्या भोकाच्या वर ऑइल उभं राहता कामा नये. दुसरं म्हणजे हवा निघायचं भोक, ते रंगाने किंवा मातीने बुजलं की गरम झाल्यावर आतली हवा फुगते आणि ऑइलला जिथून वाट मिळेल तिथून ढकलते. फेल्ट बदलताना कोरडं बसवू नका, ऑइलमध्ये भिजवून बसवा.

१२. ९० नंबर गिअर ऑइल म्हणजे ४० नंबर इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड ना?

नाही. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत, मुद्दाम आकडे वेगळे ठेवलेत म्हणजे डबे बदलू नयेत. १०० डिग्री सेल्सियसला ९० नंबर गिअर ऑइल हे जवळपास ४० ते ५० नंबर इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. त्यामुळे मॅन्युअलमध्ये "गिअरबॉक्सला जाड इंजिन ऑइल" लिहिलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. खरोखर जाड हवं असेल तर १४० किंवा त्याच्या वर.

१३. दुकानात जीएल-५ च मिळतं, तेच टाकलं तर?

जीएल म्हणजे गिअर ऑइलची ग्रेड. जीएल-५ ब्राँझचे बुश असलेल्या जुन्या बॉक्समध्ये टाकू नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची ॲडिटिव्ह भरपूर असतात, ती जास्त दाबाखाली पोलादावर संरक्षक थर बनवतात, पण ब्राँझ-पितळेसारखे मऊ धातू त्याच रसायनाने हळूहळू खाल्ले जातात, गरम झाल्यावर जास्त. जुन्या बॉक्सला साधं खनिज ऑइल, म्हणजे जीएल-१, सगळ्यात योग्य. ते नाही मिळालं तर जीएल-४.

अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे: हायपॉइड डिफरन्शियल. पॅकार्डने १९२६ मध्ये हे गाडीत आणलं, पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असतो म्हणून प्रोपेलर शाफ्ट आणि गाडीचा फ्लोअर दोन्ही खाली बसतात. पण दात एकमेकांवर जोरात घसटतात आणि साधं ऑइल तिथे पिळून निघून जातं, म्हणून तर जास्त दाबाची ऑइलं बनवावी लागली. मागे हायपॉइड आणि पुढे ब्राँझचे बुश अशी गाडी असेल तर दोन डबे घ्या, दोनशे रुपये वाचवायला एकच ऑइल दोन्हीकडे ओतू नका.

१४. सिंक्रोमेश कधी आला? त्यानंतर डबल क्लच संपला का?

कॅडिलॅकने ऑगस्ट १९२८ मध्ये आणला, डिझाइन अर्ल थॉम्सनचं. गिअर अडकायच्या आधी छोटे शंकू एकमेकांवर घासून वेग जुळवतात, जे काम प्रश्न ७ मध्ये तुमचा पाय करत होता. लगेच सगळीकडे मात्र आला नाही. त्याच वर्षी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने शेवरोले जोडायला सुरुवात केली, त्या गाड्यांना सिंक्रो नव्हता. आणि आल्यावर सुद्धा पहिला गिअर कित्येक वर्षं तसाच राहिला, फियाट ११०० चालवलेल्यांना आठवत असेल, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय फर्स्ट शांतपणे पडायचा नाही.

इथे ऑइलचा नियम उलटा होतो बघा. शंकू घासून काम करतात म्हणून ऑइल फार निसरडं असलं की ते पकडतच नाहीत आणि गिअर परत खरखरतो. प्रश्न १३ मधलं जीएल-५ इथे दुसऱ्या कारणाने नको.

१५. प्रीसिलेक्टर गिअरबॉक्सला कुठलं गिअर ऑइल?

कुठलंच नाही! इंजिन ऑइल, साधारण ३० नंबर, किंवा मॅन्युअल म्हणेल ते. यात पुढचा गिअर आधी निवडून ठेवायचा, पेडल दाबला की तो पडतो. वॉल्टर विल्सनचा हा बॉक्स आर्मस्ट्राँग सिडलीमध्ये १९२८ च्या शेवटी आला, मग १९३० पासून डेमलरमध्ये फ्लुइड फ्लायव्हीलबरोबर, म्हणजे क्लचच्या जागी ऑइलमधून ताकद पुढे देणाऱ्या जोडणीबरोबर. आत प्लॅनेटरी गिअर आणि ड्रमभोवती पट्टे, म्हणजे मॉडेल टीचाच श्रीमंत चुलतभाऊ. पट्टे ऑइलमध्ये भिजूनच ड्रम पकडतात, तिथे ९० किंवा १४० टाकलं तर पट्टा धरायला वेळ लावतो, घसरतो, तापतो आणि जळतो. बाहेरून बघून कळत नाही म्हणून ही चूक फार होते. स्टीअरिंगजवळ छोटा सिलेक्टर आणि क्लचच्या जागी वेगळाच कडक पेडल दिसला की गिअर ऑइलचा डबा खाली ठेवा.

१६. पंधरा-वीस वर्षं उभी असलेली गाडी आहे. ऑइल नुसतं बदलून चालवू का?

आधी जुनं ऑइल पसरट भांड्यात काढा आणि उजेडात बघा. सोनेरी चमक म्हणजे ब्राँझ, बुश चाललेत. लोहचुंबकाला बारीक काळी पेस्ट चिकटली तर नेहमीची झीज, तुकडे चिकटले तर बॉक्स उघडायचाच. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बॉल बेअरिंगला गंज धरला असणार. मग रॉकेलने धुवायचा मोह होतो, पण रॉकेल आत ठेवून गाडी चालवू नका, ते फेल्टमध्ये आणि बेअरिंगमध्ये राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. त्यापेक्षा पातळ इंजिन ऑइल भरा, मागची दोन्ही चाकं उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना उटी लावा, न्यूट्रलला आणि लो गिअरला थोडं फिरवा, गरम असतानाच काढा. तळाला वर्षानुवर्षांचा गाळ घट्ट बसलेला असेल तर हेही पुरत नाही, वरचं झाकण काढून हातानेच खरवडावा लागतो. मग योग्य ऑइल भरा, पहिले शंभर किलोमीटर झाले की परत काढून बघा आणि ते भांडं फेकायच्या आधी फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी चमक वाढली की तेवढीच आहे हे ठरवायला तोच कामाला येतो.